उद्यमनगरातली जॅम रूम: कोल्हापुरात बँड काढायचाय आणि टिकवायचाय त्यांच्यासाठी

पाचपैकी साडेचार स्टार देतोय. अर्धा का कापला ते खाली येईलच, पण आधी सरळ सांगतो, कोल्हापुरात कुणी नवीन बँड काढत असेल तर नवी गिटार घ्यायच्या आधी, लोगो करायच्या आधी, इन्स्टावर पेज उघडायच्या आधी या जॅम रूमचा, म्हणजे तासावर भाड्यानं मिळणाऱ्या प्रॅक्टिसच्या रूमचा, आठवड्यातला एक ठरलेला स्लॉट धरा. बँड उभा करणं काही अवघड नाही, चार दोस्त जमले, एकाकडं गिटार, एकाचा आवाज बरा, कॉलेजच्या गॅदरिंगला दोन गाणी वाजवली की झाला बँड. पण दुसऱ्या वर्षी तीच माणसं तिथंच असली पाहिजेत ना, तिथं भल्याभल्यांची दमछाक होते. आणि मी जेवढे बँड फुटताना बघितलेत त्यात गाण्यावरनं भांडून फुटलेले फार कमी, बाकी सगळे वेळेवरनं, पैशावरनं आणि प्रॅक्टिसला जागा नाही म्हणून फुटले. या रूममध्ये ह्या तिन्ही गोष्टींचा कुणीतरी बसून विचार केलाय, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

जागा शिवाजी उद्यमनगरात. खाली मशिन शॉप, लेथ आणि ड्रिलिंगचं काम, बाजूनं लोखंडी जिना आणि वर रूम. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटणारच की चुकून भलतीकडं आलो, तेलाचा वास, दारात लोखंडाच्या चुऱ्याची पोती. पण बँडसाठी गावात यापेक्षा चांगली जागा सापडणं मुश्किल आहे. संध्याकाळी वर्कशॉप बंद झाली की गल्लीत माणूस नसतो, वर कुणी राहत नाही, बाजूला कुणाचं म्हातारं माणूस आजारी नाही की कुणाचं तान्हं बाळ झोपलेलं नाही. केंद्र सरकारचे आवाजाचे २००० सालचे नियम आहेत, त्यात रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, औद्योगिक भागाला दिवसा ७५ आणि रात्री ७०, आणि नुसता ड्रम किट जरा जोरात वाजवला तरी जवळ उभं राहणाऱ्याला १०० च्या वर आवाज लागतो. म्हणजे पेठेत, जिथं घराला घर चिकटलंय, तिथं घरातल्या साध्या खोलीत बँडची प्रॅक्टिस नियमात बसणं फार कठीण, शेजारी कितीही चांगले असू देत.

आमचा आधीचा सगळा काळ पेठेतच गेला, कधी गच्चीवर, कधी ड्रमरच्या मामांच्या गोडाऊनमध्ये, कधी तालमीच्या वरच्या हॉलमध्ये. तालमीतली मंडळी मनानं मोठी, एक रुपया घेतला नाही कधी, पण गणपती जवळ आला की हॉलमध्ये डेकोरेशनचं सामान येणार, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये शेजारची पोरं दहावी-बारावीच्या अभ्यासाला बसलेली, तिथं ड्रम वाजवायचा तरी कसा, वाजवूच नये. मग महिनोन्महिने व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसतं 'कधी भेटायचं' आणि 'बघू रे' चालायचं. जागा ठरलेली नसली की दर आठवड्याला कुणीतरी एकानं जागा शोधायची, सगळ्यांना फोन करायचे, आणि तो एक जण सहा महिन्यांत वैतागतो. आणि जो फोन करत असतो तोच वैतागला की बँड संपला म्हणून समजा.

आतलं काम मन लावून केलंय हे लगेच दिसतं. बऱ्याच ठिकाणी अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवून साऊंडप्रूफ म्हणून सांगतात. त्यानं आवाज बाहेर जायचा थांबत नाही, ट्रेला वजनच नसतं, फार तर आतला चिरका आवाज थोडा विखुरतो. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बंद लागतात. इथं मूळ भिंतीपासून जागा सोडून आत जिप्सम बोर्डची दुहेरी भिंत उभी केलीय, मधल्या जागेत रॉकवूल, म्हणजे आवाज शोषणारा दगडी लोकरीचा थर, भरलाय, एका दारामागं दुसरं दार, दोन्हीला कडेनं रबराची पट्टी. मालकांनी एकदा करून दाखवलं, आतलं दार दोन बोटं उघडं ठेवलं आणि ड्रमरला वाजव म्हणाले, बाहेर जिन्यावर किक, स्नेअर, हायहॅट सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. मग दार ओढून खटका दाबला आणि वरचा सगळा आवाज एकदम गेला, फक्त जिन्याच्या लोखंडी कठड्याला हात लावला तर किकची धडधड बोटांना जाणवत होती. खालचा बेस पूर्ण अडवणं कुणालाच सोपं नाही, १०० हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, ती इंचभर फोमला कशाला जुमानतीय, म्हणून कोपऱ्याकोपऱ्यांत छतापर्यंत जाड बेस ट्रॅप, म्हणजे खालचा आवाज शोषणारे खांब, उभे केलेत. त्यामुळं बेस गिटारच्या खालच्या नोट घुमत नाहीत, एक नोट मोठी आणि पुढची गायब असला प्रकार इथं होत नाही. छोट्या खोलीत प्रॅक्टिस केलेल्या प्रत्येक बेसवाल्याला कळेल मी काय म्हणतोय ते.

सामानाबद्दल. पाच पीसचा ड्रम किट, स्किन (वरची कातडी) वेळेवर बदललेल्या, थ्रोन म्हणजे ड्रमरचं स्टूल हलत नाही. गायकांना शुअरचे एसएम ५८, १९६६ पासून जगभर गाणारे हाच माईक धरतायत, पडला-झडला तरी चालतो आणि मागच्या बाजूचा आवाज कमी घेतो, त्यामुळं मॉनिटर, म्हणजे गायकाकडं तोंड केलेला स्पीकर, समोर ठेवला तरी शिट्टी लवकर येत नाही. मिक्सर साधा ॲनालॉग, बारा चॅनेलचा, आणि हे मला जास्त आवडलं, कारण नव्या पोरांना प्रत्येक नॉब समोर दिसतो, मेनूत शिरावं लागत नाही. दोन मॉनिटर जमिनीवर, दोन स्पीकर स्टँडवर. गिटारसाठी दोन अँप. आणि गिटारवाल्यांनो, इथं अर्थिंग धड आहे. ज्यांनी मांडवातल्या शोला गिटार हातात धरून माईकला ओठ लावल्यावर शॉक खाल्लाय त्यांना ह्या एका वाक्याची किंमत कळेल. अँपला हम म्हणजे गुणगुण नाही, माईकला मुंग्या नाहीत, मालकांनी खालच्या मशिन शॉपच्या लाईनपासून वेगळी लाईन ओढून घेतलीय.

आमच्या बँडमध्ये ढोलकी पण आहे, त्यामुळं एक गोष्ट मुद्दाम लिहितो. ढोलकी पट्टीला, म्हणजे गाण्याच्या सुराला, लावलेली असते, गिटारवाल्यानं कॅपो (तारा दाबून पट्टी बदलणारा चिमटा) सरकवला की त्याचं काम झालं पण ढोलकी काळी चारवरनं काळी दोनवर (पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरनं पडलेली नावं) आणायची म्हणजे पाना घेऊन बोल्ट ढिले करा, ठोकून बघा, परत आवळा, तोवर लोक मोबाईल काढून बसतात. इथं प्रॅक्टिस करताना मालकांनीच सांगितलं की गाण्यांचा क्रम पट्टीप्रमाणं लावा, काळी चारची सगळी आधी, मग एक नुसतं गिटार आणि आवाजाचं गाणं, तेवढ्यात ढोलकी उतरवून घ्या. साधी गोष्ट, पण आमच्या शोमधले ते रिकामे क्षण त्यानं गेले. पावसाळ्यात तर ढोलकीचा जीवच जातो, कोल्हापूरचा जुलै म्हणजे काय ते सांगायला नको, चामडं ओल धरतं आणि आवाज बसतो. रूममध्ये भिंतीवर आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर लावलाय आणि पावसाळ्यात एसी ड्राय मोडवर ठेवतात, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास आणून ठेवतात. गिटारच्या लाकडाला पण तेवढीच लागते. पाच-दहा मिनिटं आधी जाऊन वाद्यं आत उघडून ठेवायची परवानगी आहे, त्याचे पैसे लावत नाहीत.

आता खरा विषय. पैसे आणि वेळ.

सुट्टा तास ४०० रुपये. महिन्याचं पॅकेज घेतलं तर आठ तास ३००० ला, आठवड्याला दोन तास, वार आणि वेळ ठरलेली. ह्यात नवीन काही नाही, पुण्यात पण असंच असतं. नवीन आहे ते असं की पॅकेजचे पैसे मालक एकाकडनं घेत नाहीत. आम्ही पाच जण, प्रत्येकानं आपापले ६०० रुपये महिन्याच्या एक तारखेला आपापल्या फोनवरनं टाकायचे. पाच जणांचे पाच वेगळे आले की स्लॉट पक्का, एकाचा राहिला तर स्लॉट पक्का नाही, आणि आठवणीचा मेसेज मालक ज्याचा राहिलाय त्यालाच करतात. प्रॅक्टिसला आला नाही तरी पैसे परत नाहीत. ऐकायला कडक वाटतं पण विचार करा, एरवी काय होतं, एक जण भरतो, बाकीचे 'देतो रे पगार झाल्यावर' म्हणतात, तीनशे रुपये मित्राकडं मागायची लाज वाटते म्हणून तो मागत नाही, आणि चौथ्या महिन्यात तेच तीनशे रुपये कुठल्यातरी कॉर्डवरच्या वादात बाहेर येतात. इथं त्याचा पहिल्या तारखेलाच कंडका पडतो. कुणी कुणाचं देणं लागत नाही, त्यामुळं आत गेल्यावर कुणी कुणाचा मालक नाही.

वेळेचं पण तसंच. बाहेरच्या टेबलावर एक लांब वही असते, त्यात आपापल्या हातानं नाव आणि आल्याची वेळ लिहायची. मालक पूर्वी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे, आम्ही सगळे काकाच म्हणतो. एकदा ड्रमर पंचवीस मिनिटं उशिरा आला, शिरोलीहून थेट फौंड्रीतनं, आमचा गिटारिस्ट आधीच तापलेला, जिन्यातच दोघांची सुरू झाली. काका वहीवरनं मान वर न करता म्हणाले, "आधी वेळ लिही रे बाळा, मग भांडा. सातला तुमचं सुरू झालंय." त्यानं लिहिली. मग काकांनी मागची पानं उलटून वही आमच्याकडं फिरवली. त्यात ड्रमरचा उशीर सगळा मंगळवारचा होता, अधनंमधनं दुसऱ्या वारी स्लॉट मिळालेला तेव्हा तो सगळ्यांच्या आधी आलेला. मंगळवारी त्यांच्याकडं ओतकाम असतं, हीट, म्हणजे वितळलेल्या धातूचा घाण, संपल्याशिवाय त्याला हलता येत नाही, हे तो आम्हाला दहा वेळा बोलला असेल पण भांडणात कोण ऐकतंय. काकांनी गुरुवार सात ते नऊ मोकळा करून दिला, विषय संपला, तेव्हापासून त्याचा उशीर नाही. त्या दिवशी ती वही समोर नसती तर आमचा ड्रमर गेला असता हे मी खात्रीनं सांगतो, आणि कोल्हापुरात टेम्पो न सोडणारा ड्रमर मिळणं काय असतं हे ज्याला शोधावा लागलाय त्याला विचारा.

शोचे पैसे हा रूमचा विषय नाही, पण वेटिंगच्या जागेत भिंतीवर काकांनी एक कागद लॅमिनेट करून लावलाय, पहिला शो घ्यायच्या आधी बँडनं बसून काय काय ठरवावं त्याचा. साऊंडचं भाडं आधी वजा करायचं का नंतर, गाडीचं पेट्रोल कुणाचं, तार तुटली, स्किन फाटली तर खर्च ज्याचा त्याचा का सगळ्यांचा, कुणी आजारी पडला आणि बदली माणूस आणला तर त्याला किती. आम्ही ते वाचूनच आमचं ठरवलं, आधी साऊंड आणि प्रवास वजा, उरलेल्याचे सहा भाग, पाच पाच जणांचे आणि सहावा बँडच्या गल्ल्यात. गल्ल्यातनं तारा, स्किन, केबल, आणि अडीअडचणीला कुणाचा महिन्याचा हप्ता. गायकाला जास्त द्यावे का यावर आमच्यात बराच वेळ चर्चा झाली, गायिकेनंच नको म्हणून सांगितलं, तिचं म्हणणं होतं की एकदा कमी-जास्त सुरू झालं की दर शोला मोजमाप सुरू होईल. मला ते शंभर टक्के पटलं. दुसऱ्या बँडचं वेगळं असू शकेल, पण काहीतरी कागदावर असू दे, पहिला मोठा चेक यायच्या आधी असू दे.

स्वतःची गाणी करणाऱ्यांनी तर हे नक्की करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाण्याच्या शब्दांचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि चालीचा हक्क चाल बांधणाऱ्याचा, 'बँडचं गाणं' असं तोंडी म्हटलं म्हणून तो आपोआप पाचांत वाटला जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराच्या रॉयल्टीचं संरक्षण वाढवलंय, पण गीतकार कोण, संगीतकार कोण हे आधी तुम्हीच लिहून ठेवलं पाहिजे. गाणं पूर्ण झालं की त्याच दिवशी तारीख टाकून कुणाचे शब्द, कुणाची चाल, मधला तुकडा कुणी सुचवला, आणि आपसात वाटणी कशी, एवढं एका पानावर, खाली सगळ्यांच्या सह्या. काका त्याचा फोटो काढून ठेवतात आणि आपल्यालाही पाठवतात. दुसऱ्यांची गाणी वाजवत असाल तर लग्नातल्या वाजवण्याला कलम ५२ मध्ये सूट आहे, पण कॅफेत किंवा तिकीट लावून शो असेल तर लायसन्सचं आयोजकाला आधीच विचारून घ्या, आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था १९६९ पासून आहे, तिचं लायसन्स लागतं. शोच्या दिवशी दारात हा विषय निघाला तर मूड जातो सगळ्यांचा.

अजून एक सोय आहे जी मला सुरुवातीला विशेष वाटली नव्हती आणि आता सगळ्यात मोठी वाटते. छताला दोन माईक कायमचे लावलेत, अख्ख्या प्रॅक्टिसचं रेकॉर्डिंग होतं आणि रात्री ग्रुपवर ड्राइव्हची लिंक येते. वेगळे पैसे नाहीत. क्वालिटी अपलोड करण्याइतकी नाही, पण कोण कुठं धावला, कोरसला गिटारचा आवाज किती चढला, सगळं कळतं, आणि दुसऱ्यानं तुला सांगण्यापेक्षा आपण स्वतः ऐकलं की राग येत नाही. पण त्याचा खरा उपयोग वेगळ्याच वेळी झाला. कोल्हापूरच्या प्रत्येक बँडवर एक दिवस येतोच, कुणाला तरी पुण्यात नोकरी लागते. आमचा कीबोर्डवाला हिंजवडीला गेला. दर आठवड्याला तिथनं येणं कुणालाच जमणार नाही आणि त्याच्याकडनं तशी अपेक्षा करणं पण चूक. नवीन पोरगी आली कीबोर्डला, तिला आम्ही त्या सगळ्या लिंक दिल्या, प्रत्येक गाण्याचं शेवटचं व्हर्जन, कुठं थांबायचं, कुठं इशारा, सगळं त्यात होतं, आणि ती पहिल्या दिवशी आली तेव्हा तिला अर्ध्याच्या वर सेट वाजवता येत होता. जुना अजून ग्रुपवर आहे, सुट्टीला आला की येतो, दोन गाणी वाजवतो. माणूस गेला म्हणजे बँड गेला असं आपण उगाच धरून चालतो. दिल्लीचा इंडियन ओशन हा बँड बघा, १९९० मध्ये सुरू झाला, असीम चक्रवर्ती २००९ साली वारले, सुस्मित सेन २०१३ मध्ये बाहेर पडले, म्हणजे सुरू करणारे दोघंही त्यात नाहीत आणि बँड अजून वाजतोय, कारण राहुल राम आणि अमित किलम यांनी धरून ठेवला आणि नवे लोक येऊन शिकले. शिकण्यासारखं काहीतरी साठवून ठेवलेलं पाहिजे, एवढंच.

गायिकेच्या आईंचा अनुभव पण लिहायला पाहिजे, कारण मुली बँड सोडतात त्यातलं निम्मं कारण इथं असतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. संध्याकाळी सातला मुलगी उद्यमनगरात एका वर्कशॉपच्या वर जाणार म्हटल्यावर कुठल्याही घरात प्रश्न येणारच. गायिकेच्या आई, त्यांना आम्ही काकू म्हणतो, स्वतः बघायला आल्या. जिन्यात लाईट, बाहेर कॅमेरा, आतल्या दाराला काच, बाथरूम स्वच्छ आणि आतनं नीट कडी लागणारं, आणि काकांच्या मिसेस बहुतेक संध्याकाळी खालीच असतात. काकू तासभर बसल्या, चहा झाला, प्रॅक्टिस ऐकली, जाताना म्हणाल्या, "नऊला संपतंय म्हणजे नऊलाच संपतंय ना?" काका म्हणाले, "नऊला मीच मेन स्विच पाडतो." आणि खरंच पाडतात, पाच मिनिटं आधी लाईट एकदा घालवून इशारा देतात. आमच्या नव्या कीबोर्डवालीच्या घरच्यांना काकूंनीच फोन करून सांगितलं, आम्हाला काही समजवावं लागलं नाही.

कानांबद्दल पण काका पाठ सोडत नाहीत आणि ते बरोबरच आहे. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, त्याच्या वर दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, ह्या हिशोबानं १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं होतात, आणि बँड दोन तास वाजवतो. टेबलावर फोमचे इअरप्लग ठेवलेत, दहा रुपयाला जोडी. ड्रमरनं तरी घालाच. आणि एक सवय लावलीय त्यांनी, आत गेल्यावर आधी ड्रम आणि विनामाईकचा आवाज, त्याच्यावर गिटार बसवायची, गिटारवर ड्रम चढवायचा नाही. आवाज वाढवायची चढाओढ बंद झाली की निम्मी चिडचिड जाते, कारण गायकाला स्वतःचं ऐकू येतं.

आणखी एक गोष्ट मला मनापासून आवडते ती म्हणजे तिथं येणारी माणसं. आमच्या आधीचा स्लॉट एका बेंजो पार्टीचा आहे, गणपतीच्या आधी ते जोरात असतात, आणि त्यांची लय, भावा, नाद खुळा, आमचा ड्रमर मुद्दाम लवकर येऊन बाहेर बसतो ऐकायला. रविवारी सकाळी जुने ऑर्केस्ट्रावाले जमतात, साठीच्या पुढचे, एकानं तर माझ्या बेसचा ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, स्वतःच्या खिशातल्या किल्लीनं उतरवून दिला. ह्या गावाला बसून गाणं-बजावणं करायची सवय जुनी आहे, देवल क्लब ही गाण्याची संस्था १८८३ ची, गायक अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी इथं राहिले आणि जयपूर-अत्रौली गायकी इथं वाढली. त्यात राजाश्रय होता, गुणी माणसं होती, ते आहेच, पण ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी बैठक होती हे पण होतं. केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली तेव्हा गावातल्या कलाकारांना रडताना बघितलंय आम्ही, १९१५ पासूनचं स्टेज होतं ते, कितीजण पहिल्यांदा तिथं उभे राहिलेत. जागा गेली की काय जातं ते त्या आठवड्यात सगळ्या गावाला कळलं. त्यामुळं कुणी स्वतःची जागा अडकवून, कर्ज काढून अशी रूम चालवत असेल तर मला त्याचं खरंच कौतुक आहे, आणि आपण पोरांनी ती भरलेली ठेवली पाहिजे.

आता अर्धा स्टार. बेसचा अँप छोटा आहे, चाळीस वॉटचा, ढोलकी आणि ड्रम दोन्ही असले की पुरत नाही, मी बेस डीआय बॉक्समधनं (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी डबी) थेट मिक्सरला घालतो, पण नव्या बेसवाल्याला ते कुणी सांगणार नाही. क्रॅश सिंबलला कडेला तडा गेलाय, सांगून झालंय, अजून बदललेला नाही. दुपारचे स्लॉट घेऊ नका, खाली मशिनं चालू असतात, बाहेरचा आवाज आत येत नाही पण जमिनीतनं कंप येतो आणि स्नेअरची जाळी आपोआप खुळखुळते, रेकॉर्डिंगमध्ये पण येतं. एप्रिल-मेमध्ये पाच माणसं आणि एकच एसी, दुसऱ्या तासाला घामानं गिटारचा नेक चिकट होतो. पार्किंग टू-व्हीलरला ठीक, चारचाकी आणली तर बाहेरच्या रोडवर लावून सामान उचलून आणा, आणि तो जिना अरुंद आहे, कीबोर्डची मोठी केस वळणावर आडवी जात नाही, उभी करून न्यावी लागते. गणपतीच्या आधीचा महिना आणि डिसेंबरमधलं गॅदरिंगचं सीझन, तेव्हा सुट्टे तास मिळणं जवळजवळ अशक्य, पॅकेजवाल्यांना आधी मान असतो.

जाणाऱ्यांनी स्वतःचा माईक असेल तर न्या, नसेल तर वरची जाळी पुसायला तिथं स्पिरिट ठेवलेलं असतं. ड्रमरनं स्टिक आपल्या न्यायच्या, तिथं मिळत नाहीत. ढोलकीवाल्यानं पाना विसरू नये. केबल तिथल्या चांगल्या आहेत पण गिटारची एक आपली जवळ असू दे. पाचही जणांनी पहिल्या भेटीला एकत्र जा, कारण काका सगळ्यांशी बोलल्याशिवाय पॅकेज देत नाहीत, वार प्रत्येकाला विचारून ठरवतात. शनिवार-रविवार संध्याकाळ भरलेली आहे, सोमवार आणि बुधवार सात ते नऊ परवापर्यंत मोकळे होते, आणि आमचा जुना मंगळवार पण. फोन दुपारी चारनंतर करा, त्याआधी खालच्या मशिनच्या आवाजात त्यांना ऐकू येत नाही.